हिमनदीच्या तळची साक्ष

एखादी घटना घडताना कोणीही हजर नसले, तरी जमिनीवर उरलेल्या खुणांवरून तिचा पंचनामा करता येतो. हिमनदीच्या तळाशी काय घडते, हा प्रश्न काहीसा याच जातीचा आहे. शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली, अंधारात आणि प्रचंड दाबात जाऊन पाहणार कोण? आणि जी हिमनदी हजारो वर्षांपूर्वीच वितळून गेली, तिच्याबाबत तर तीही सोय नाही. मागे राहते ती केवळ दगड, वाळू आणि चिकणमाती यांची सरमिसळ. श्रोतेहो, ही मातीच त्या घटनेची साक्षीदार असते.

बर्फ कठीण खडकावरून घसरत जातो, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. १९७७ साली ब्रिटिश भूवैज्ञानिक जेफ्री बोल्टन यांनी आइसलंडमधील ब्रेदामेर्कुरयोकुल या हिमनदीच्या कडेजवळ बर्फात बोगदा खणून खालच्या मातीत खुणेचे तुकडे रोवले. काही दिवसांनी ते उकरून पाहिले, तेव्हा तेथील हिमनदीच्या पुढे सरकण्यापैकी सुमारे ९० टक्के भाग हा बर्फाच्या घसरण्यातून नव्हे, तर खालची ओली माती स्वतःच ताणली व ढकलली गेल्यामुळे घडला होता, असे दिसून आले. हिमनदी जणू आपल्या अंथरुणासकट सरकत होती. शास्त्रात यालाच मातीचे विरूपण म्हणतात.

परंतु प्रत्येक हिमनदीखाली बोगदा खणता येत नाही. मग जुन्या गाळातून हे विरूपण ओळखायचे कसे? त्याचा मार्ग मृदाशास्त्राने दाखविला. ऑस्ट्रियाचे वॉल्टर कुबिएना यांनी १९३८ साली मातीची सूक्ष्म रचना अभ्यासण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली होती. नेदरलँड्सचे याप व्हान डेर मेअर यांनी तीच दृष्टी पुढे हिमनद्यांच्या गाळाकडे वळविली, आणि बर्फाखालील विरूपणाचे सूक्ष्मदर्शकीय पुरावे १९९३ साली एकत्रितपणे मांडले.

पद्धत चिकाटीची आहे. गाळाच्या उभ्या कड्यात पत्र्याची लहान डबी रोवून मातीचा ठोकळा अखंड काढावयाचा. वरची बाजू कोणती व दिशा कोणती, हे त्यावर तेथेच नोंदवावयाचे. ही नोंद चुकली तर पुढचे सारे श्रम वाया. मग ठोकळा सुकवून, निर्वातात त्याच्यात कृत्रिम राळ मुरवावयाची. ती घट्ट झाली की काप काढून तो काचेवर चिकटवावयाचा आणि ०.०३ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही पातळ होईपर्यंत घासावयाचा.

असा काप ध्रुवित प्रकाशात धरला की माती बोलू लागते. चिकणमातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. माती एका दिशेने घसटली गेली असेल, तर हे पापुद्रे एका रेषेत येऊन प्रकाशाच्या पट्ट्यासारखे एकदम उजळतात. दोन तळहातांत लाडू वळावा तसा एखादा खडा मातीत फिरला असेल, तर लहान कण त्याच्याभोवती वर्तुळाकार मांडलेले दिसतात. कोठे वाळूचा कण जागच्या जागी फुटून त्याचे तुकडे एकमेकांशी जुळणारे राहतात. तेथे दाब फार होता. कोठे दाबलेले पाणी वाट फोडून निसटल्याच्या खुणा असतात.

तथापि एका साक्षीवर निकाल देऊ नये. डोंगरउतारावरून वाहणाऱ्या चिखलातही अशी वर्तुळे निर्माण होतात, आणि नमुना काढताना वा सुकविताना पडलेली भेग जुन्या खुणेसारखी भासू शकते. शिवाय काप असतो काही सेंटिमीटरांचा, हिमनदी असते अनेक किलोमीटरांची. म्हणून अनेक खुणा एकत्र आढळल्या आणि कड्यातील थरांची मांडणीही त्यांच्याशी जुळली, तरच सावध संशोधक विरूपणाचा निष्कर्ष काढतो.

एवढा खटाटोप कशासाठी? पश्चिम अंटार्क्टिकातील एका वेगवान हिमप्रवाहाखाली पाण्याने भिजलेल्या मऊ गाळाचा काही मीटर जाडीचा थर असल्याचे १९८६ साली भूकंपलहरींच्या साहाय्याने दिसून आले. तेथील वेग मातीच्या विरूपणामुळे आहे की तिच्यावरून घसरण्यामुळे, यावर पुढे बराच वाद झाला. या प्रश्नाच्या उत्तरावर बर्फ समुद्राकडे किती वेगाने जाईल याचा अंदाज अवलंबून आहे, आणि त्या अंदाजावर मुंबईपासून पारादीपपर्यंतच्या किनाऱ्यांचे भवितव्य. आजचा तळ सहसा पाहता येत नाही. म्हणून लुप्त झालेल्या हिमनद्यांचा उघडा पडलेला तळ वाचावयाचा. त्या वाचनाची सुरुवात केसाहून पातळ अशा मातीच्या एका कापापासून होते.