निंदणीतली भाजी

ऑगस्ट आला की रानभाज्यांचे महोत्सव भरतात. यंदा जळगावात एका टेबलावर घोळीची जुडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली, वर चिठ्ठी: ‘अँटिऑक्सिडंटयुक्त, कर्करोगावर गुणकारी’. ती चिठ्ठी मला झोंबली.

शास्त्राचा मागचा इतिहास उरकूनच टाकतो. 1956 साली डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचं खापर फ्री रॅडिकल्सवर फोडलं. मग त्यांना आवर घालणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आल्या. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना त्यातलंच बीटा कॅरोटीन दिलं, तर 1994 मध्ये कळलं, फुप्फुसाचा कर्करोग त्यांच्यात 18 टक्क्यांनी जास्त. गोळीची हवा गेली. पाल्याचं त्यात काही बिघडलं नव्हतं.

पाल्याचं बिघडलं ते 2002 नंतरच्या दशकात, माझ्या डोळ्यांदेखत. तोवर कपाशीत तूर, उडीद, मूग असायचा. पावसाळ्यात बाया ओळीने निंदणीला बसत. उपटलेल्या तणातून तांदुळजा, घोळ, केना, कुंजर वेगळा निघे आणि संध्याकाळी ओच्यातून घरी जाई. घोळीच्या तांबूस, रसाळ देठांना माती अशी चिकटलेली की तीन-चारदा पाणी बदलावं लागे. मग मुगाची डाळ, लसणाची फोडणी आणि कळण्याची भाकरी. पाल्यातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच. ते त्या फोडणीत आपसूक होतं.

मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीवर उपाय म्हणून ती आली, तणाशी तिचं देणंघेणं नव्हतं. पण पीक पैशाचं झालं, आंतरपीक आटलं, मजूर मिळेनात, आणि दशक सरता सरता दुकानदार ‘रुंद पानांच्या तणावरचं औषध’ हातात ठेवू लागला. रुंद पानांचं तण म्हणजे आमची भाजीच की! साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात ती जरा तग धरून राहिली.

गंमत अशी, की त्याच वर्षांत कॉलेजांच्या प्रयोगशाळांत डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट-चाचणीची लाट आली. पाला सावलीत वाळवा, दळा, मिथेनॉलमध्ये भिजवा. जांभळं द्रावण पिवळं पडलं की टक्केवारी काढा आणि प्रबंध बांधा. मिथेनॉलमध्ये भाजी कोण शिजवतं? त्या नळीला ना आतडं, ना यकृत. पानातली पॉलिफेनॉल्स रक्तात पोचेपर्यंत पार बदलून जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याने असल्या आकड्यांचा तक्ता 2012 मध्ये काढून टाकला, कारण त्यांचा वापर माल खपवायला होत होता. आमच्याकडे चिठ्ठ्या मात्र अजून छापल्या जातात. हे विद्वान पाला तोलत होते तेव्हा शेतातून तो का जातोय, हे त्यांच्यातल्या एकानेही मला कधी विचारल्याचं आठवत नाही.

रक्त कमी म्हणून दवाखान्यात आजही बायांना पालेभाजी खायला सांगतात. मेथी-पालकाची जुडी बाजारातून आणायची, तीही रोजाच्या पैशांतून. निंदणीच्या दिवसांत तीच बाई रोजही आणायची आणि भाजीही.