सोंग पेलणारी माणसं

मालेगावचा सुपरमॅन यंत्रमागावर कामाला होता. तो साकारणाऱ्या शफीक शेख यांची अंगकाठी अगदी किरकोळ. निळा पोशाख, पाठीवर लाल झूल, लाल चड्डी आणि तिची बाहेर लोंबणारी नाडी. पण कॅमेरा सुरू झाला की हा माणूस असा उभा राहायचा, की गावावरचं संकट आता हाच निवारणार याबद्दल बघणाऱ्याच्या मनात शंका उरू नये. त्याची लढाई होती तंबाखूच्या धंद्याशी. शहराच्या धुळीने या सुपरमॅनला धापही लागायची, कारण ज्या गावात तो उतरला होता तिथल्या माणसांना ती लागतच होती.

नंदुरबारहून दोंडाईचा, धुळे करत मालेगाव गाठता येतं. जिल्हा नाशिक, पण बोलीने आणि बाजारहाटाने खानदेशाला चिकटलेलं गाव. मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठी रात्रंदिवस चालणारे माग, बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि शुक्रवारची सुट्टी. त्या सुट्टीत सिनेमा बघणं हा इथला मोठा शौक. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता त्यांनी स्वतःचा काढायचं ठरवलं आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला, साधारण ५० हजार रुपयांत. नट म्हणजे ओळखीपाळखीचे लोक, मागावरचे आणि दुकानातले. स्थानिक बायका पडद्यावर येत नसत, म्हणून नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. सायकलवर कॅमेरा धरून माणूस बसला की झाली ट्रॉली, बैलगाडीचं जू वर केलं की झाली क्रेन.

मग सुपरमॅनचा सिनेमा करायला घेतला आणि प्रश्न उडण्याचा निघाला. घोडे, डाकू, बंदुका यांचं काहीतरी जमवता येतं, पण माणूस हवेत कसा न्यायचा? त्यासाठी नासिर यांनी मुंबईत जाऊन क्रोमाची माहिती काढली. माणसाला एकरंगी हिरव्या कापडासमोर चित्रित करायचं, नंतर संगणकावर तेवढा हिरवा रंग काढून टाकायचा आणि त्या जागी आकाश बसवायचं. हिरवाच का, तर माणसाच्या कातडीत तो रंग जवळजवळ नसतो. कापडाला चुणी पडली, सावली पडली, की तो भाग नीट कापला जात नाही आणि नायकाभोवती घाणेरडी किनार उरते. हॉलिवूडच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’लाही रंगाची अडचण आली होती. तेव्हा निळा पडदा वापरत आणि नायकाचा पोशाखही निळाच, म्हणून उडण्याच्या दृश्यांसाठी ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या पोशाखाची छटा हिरवटपणाकडे झुकवावी लागली. मालेगावात पडदाच हिरवा घेतल्याने तेवढं संकट टळलं.

पण तंत्र कितीही शिकून घेतलं, तरी आडवं व्हायचं ते शफीक यांनीच. उडण्याचं काम किती अंगमेहनतीचं आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पोटावर आडवं राहायचं, एक हात पुढे ताणायचा, मान वर उचलायची, पाय मागे सरळ आणि पावलं लांबवलेली. कंबर आणि मान काही क्षणांत भरून येते. तरी चेहऱ्यावर त्याचा मागमूस दिसता कामा नये, उलट वारा खात मजेत चाललोय असं वाटलं पाहिजे. पेहराव घालून काम करणाऱ्या माणसाचं खरं कसब इथे आहे. अंग कष्टत असतं आणि कष्ट झाकण्याचाच त्याला मोबदला मिळतो.

हे सगळं आपल्याला दिसलं ते फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे. तो २००८ मध्ये पूर्ण झाला. त्यात कॅमेरा पाण्यात पडतो, चित्रीकरण अडतं, मध्येच शफीक यांचं लग्न होतं आणि पुन्हा झूल बांधून ते हजर होतात. २०१२ मध्ये हा माहितीपट भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक हयात नव्हते. तंबाखूविरुद्ध लढणारा सुपरमॅन साकारणारा हा कलाकार तोंडाच्या कर्करोगाने गेला.

मालेगावच्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळके जन्मले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामतीचं लुगडं नेसवलं. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं हलकं मानलं जाई, की फाळके आपल्या माणसांना ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो’ असं सांगायला लावत. मला हा कारखाना फार खरा वाटतो. एका टोकाला स्वयंपाकघरातून उठून आलेले साळुंके, दुसऱ्या टोकाला मागावरून उठून आलेले शफीक. भारतीय सिनेमाचा इतिहास नटांच्या घराण्यांवरून सांगायची सवय आपल्याला लागली आहे. तो या दोघांवरून सांगितला तर जास्त नीट कळेल.

विज्ञानपटात तर पेहरावातल्या माणसाचा चेहराही जातो. ‘कोई... मिल गया’ हा २००३ सालचा सिनेमा पाहिलेलं मूल त्यातल्या जादू या परग्रहवासीयाला विसरलं नाही, पण त्या निळ्या पोशाखात इंद्रवदन पुरोहित होते हे किती जणांना ठाऊक आहे? पोशाख जेम्स कोलमर या ऑस्ट्रेलियन कारागिराने घडवला. त्या बंद पोशाखात मान कलती करणं, हात लाजत पुढे करणं, उन्हाकडे आसुसून बघणं हे सगळं पुरोहित करत होते. प्रेक्षक रडले ते या हालचालींमुळे. २०१४ मध्ये पुरोहित गेले.

या कलेचा महागुरू जपानी आहे. हारुओ नाकाजिमा यांनी १९५४ मध्ये कुरोसावांच्या ‘सेव्हन समुराई’त एका डाकूची किरकोळ भूमिका केली आणि त्याच वर्षी ते गॉडझिलाच्या आत शिरले. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा होता. तो घालून काही पावलं टाकणंही कठीण. वरून दिव्यांचा भगभगाट, आत रबराची वाफ, आणि काम संपल्यावर आतला घामाने भिजलेला सदरा पिळून काढायचा. राक्षसाने चालावं कसं हे ठरवायला ते उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलांची चाल बघत बसले. पाऊल उचलताना वजन कुठे जातं, मान कधी वळते, एवढंच टिपायचं. अशा अभ्यासातून त्यांनी १९७२ पर्यंत बारा गॉडझिलापट केले. पुढे हे सिनेमे काढणाऱ्या तोहो कंपनीने नटांचे करार संपवले, तेव्हा त्यांना कंपनीच्याच बोलिंगच्या केंद्रात नोकरी करावी लागली. शहरं तुडवणारा गॉडझिला पगारासाठी तिथे हजेरी लावत होता, हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

पेहराव माणसावर काय परिणाम करतो याचा एक नमुना १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या वेळी दिसला. वानर झालेल्या मुख्य नटांच्या चेहऱ्यावर जॉन चेंबर्स यांच्या पद्धतीने काही तास रबराचे भाग चिकटवले जात, मागच्या गर्दीतल्यांना नुसते मुखवटे मिळत. जेवणाच्या सुट्टीत कुणी न सांगता चिंपांझी चिंपांझींच्या टेबलावर, गोरिले गोरिलांच्या आणि ओरांगउटान आपापल्यात बसू लागले. सेटवरच्या अनेकांनी ही आठवण पुढे सांगितली आहे.

नंदुरबारच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्याने पाहिली आहे, त्याला पेहराव अंगावर घेणं म्हणजे काय ते माहीत असतं. सातपुड्याच्या गावोगावची बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगं घेतलेली माणसं तिथे येतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर राखेचे आणि तांदळाच्या पिठाचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. पाऊल पडलं की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि ढोलाच्या ठेक्यात त्यांचा वेगळा आवाज मिसळतो. रात्रभर नाचणारा माणूस पहाटे होळी पेटेपर्यंत थांबत नाही. तोल मात्र वरच्या टोपाचाच सांभाळायचा असतो, म्हणून मान ताठ, कंबर सैल आणि पावलं आखूड. महत्त्वाचं म्हणजे हा साज कुणीही मनात आलं म्हणून चढवत नाही. नवस बोललेला माणूस आधी काही दिवस पालनी पाळतो. खाटेवर बसत नाही, अंघोळ करत नाही, ब्रह्मचर्याने राहतो. श्रद्धेची ही गोष्ट सिनेमाच्या पंगतीला बसवण्याचा माझा हेतू नाही. पण साज चढवण्याआधी अंगाची आणि मनाची तयारी लागते, हे नाकाजिमा ज्या वाटेने शिकले त्याहून कितीतरी जुन्या वाटेने आपल्या डोंगरातल्या माणसांना कळलेलं आहे.

मुंबईच्या स्टुडिओत ही तयारी करायला सवड नसते. ज्युनिअर आर्टिस्टला सप्लायरचा निरोप येतो, पहाटे गाडी पकडायची, रांगेत उभं राहून अंगावर येईल तो पोशाख घ्यायचा. आधीच्या माणसाच्या घामाचा वास त्याला असतोच. अवकाशयानाचा पहारेकरी असो की परग्रहावरची गर्दी, शिरस्त्राणाच्या फटीतून दिसेल तेवढ्या जमिनीवर खूण शोधून थांबायचं. पाणी कमी प्यायचं, कारण पोशाख सोडायला दुसऱ्याचे हात लागतात. पैसे मिळतात ते दिवसाच्या हिशेबाने. पडद्यावरच्या नामावलीत नाव येत नाही.

या बाबतीत मला मालेगाव मोठं वाटतं. तिथे सुपरमॅनला गल्लीतली पोरं नावाने हाक मारत होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर लागला. त्यात शफीक यांची भूमिका शशांक अरोरा यांनी केली, नासिर यांची आदर्श गौरव यांनी. मागावरच्या माणसाने आधी सुपरमॅन साकारला आणि मग मुंबईच्या नटाने त्या माणसाला साकारलं. आता पोशाख शिवणारा शिंपी, हिरवं कापड ताणून धरणारे, बाहेरगावाहून येऊन दोन दिवसांत संवाद पाठ करणाऱ्या नायिका, गर्दीत पळणारे मागवाले यांच्याकडूनही कुणीतरी बसून सगळं लिहून घ्यायला हवं. खानदेशातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा उर्दू विभागाने मनावर घेतलं तर वर्षभराचं काम आहे.