नखाची रेघ आणि सोन्याच्या रेघा

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा घसरला, की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. नाशिककरांना मात्र थंडी त्याआधीच कळलेली असते, पोटरीवर. नखाने रेघ ओढली की पांढरीफटक उमटते. ओठ उलतात, टाचा भेगाळतात. शाळेतली पोरं तर हातावर अशा रेघांनी नावंही लिहितात.

सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत नखाचं हे काम, म्हणजे कातडी किती कोरडी ते सांगायचं, जाड पेनासारखं एक यंत्र करतं. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या करेज अँड खझाका कंपनीचं कॉर्निओमीटर हे अशा यंत्रांतलं सर्वाधिक वापरलं जाणारं. त्याच्या टोकाला काचेच्या पातळ थराखाली सोन्याच्या बारीक पट्ट्या असतात, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत तशा. टोक कातडीवर टेकवलं की आतली स्प्रिंग दाब सारखा ठेवते आणि सेकंदाभरात पडद्यावर आकडा येतो.

या आकड्यामागची युक्ती आपल्या घरातच आहे. पंखा रेंगाळू लागला की इलेक्ट्रिशियन त्याचा कंडेन्सर बदलतो. कंडेन्सर विद्युतभार साठवतो. किती साठवेल हे दोन पट्ट्यांच्या मधे काय भरलंय त्यावर ठरतं. ही साठवणूक वाढवण्यात पाण्याचा हात धरणारे पदार्थ थोडेच. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०च्या आसपास, तर तेल-चरबीचा दोन-तीनच्या घरात. म्हणजे पट्ट्यांजवळच्या कातडीत पाणी जास्त तर साठवणूक जास्त. विद्युतक्षेत्र आत शिरतं ते जेमतेम १० ते २० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. मोजला जातो तो मृत पेशींचा सगळ्यात वरचा थर. बरोबरच आहे, नखाची रेघही तिथेच उमटते. जपानी बनावटीचं स्किकॉन हे यंत्र थोडी वेगळी वाट धरतं. ते ३.५ मेगाहर्ट्‌झचा प्रवाह सोडून कातडी वीज किती सहज वाहू देते ते बघतं.

गोम पुढे आहे. कॉर्निओमीटरची मोजपट्टी ० ते १२० अशी असते आणि हे आकडे टक्के नव्हेत. हातावर ३०च्या खाली आकडा आला तर कातडी अतिशय कोरडी समजतात. पण ६० म्हणजे ३०च्या दुप्पट पाणी, असं नाही. यंत्र पाणी मोजतच नाही. ते विजेचं वागणं मोजतं आणि पाण्याचा अंदाज आपण बांधतो. म्हणून तर चाचणीचे सोपस्कार एवढे. खोलीचं तापमान २० ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के, आणि बाही वर करून पंधरा मिनिटं ते अर्धा तास नुसतं बसायचं. जिना चढून आलेल्याच्या हातावर घाम असतो, आकडा फुगतो. क्रीम लावल्या लावल्या मोजलं तर आकड्यात क्रीममधलंच पाणी दिसतं. ‘ओलाव्यात इतके टक्के वाढ’ असं जाहिरातीत दिसलं, तर ती बहुधा या आकड्यातली वाढ असते, कातडीतल्या पाण्यातली नव्हे.

कोरडेपणा येतो कुठून, हे नाशिकसारख्या द्राक्षाच्या गावाला वेगळं सांगायला नको. द्राक्षमण्यावर मेणाची लव असते, ती आतलं पाणी धरून ठेवते. बेदाणा करताना शेतकरी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या, म्हणजे त्यांच्या ‘डिपिंग ऑइल’च्या, द्रावणात बुडवतात. मेणाची घडी विस्कटते, पाणी भराभर उडतं आणि शेडमधल्या जाळ्यांवर मणी लवकर सुकतो. आपल्या कातडीच्या वरच्या थरातही मृत पेशींच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा गिलावा असतो. जानेवारीत कढत पाणी आणि भरपूर साबण घेऊन आपण आपलंच डिपिंग करत असतो, फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत!

मग तेल लावलं की झालं? १९५२ साली अमेरिकेत अर्विन ब्लँक यांनी तळपायाच्या जाड कातडीचे तुकडे वाळवले आणि तेला-मेणांत ठेवून पाहिले. ते कडकच राहिले. पाणी मिळाल्यावर मात्र मऊ झाले. पाण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेलं की हा थर ठिसूळ होतो, हे तेव्हापासून सांगितलं जातं. तेल कातडीला पाणी देत नाही. असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच.

एवढंच, पण ते थोडं नाही. फिलिपाइन्समध्ये कोरड्या कातडीच्या ३४ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. काहींना खोबरेल, काहींना खनिज तेल, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. कॉर्निओमीटरने दोन्ही गटांत ओलावा वाढल्याचं दाखवलं, आणि साधं खोबरेल खनिज तेलाच्या तोडीचं ठरलं.

तेव्हा थंडीत आंघोळ झाली की अंग खडखडीत पुसू नका. नुसतं टिपून घ्या आणि दमट अंगावरच खोबरेल चोळा.