पातेल्यातला थर आणि हाडांची गोळी

जळगाव-धुळ्याकडे बोअरचं पाणी रोज तापवलं की पातेल्याच्या तळाला पांढरा, खरखरीत थर धरतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. हाडांसाठीच्या कित्येक गोळ्यांतही हेच असतं! मग गोळीने मुतखडा होतो का?

सगळं गोळी घेण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम पालकातल्या ऑक्सॅलेटला आतड्यातच मिठी मारतं. दोघं शौचावाटे बाहेर. उपाशीपोटी घेतलं, तर जेवणातलं ऑक्सॅलेट मोकळं राहून मूत्रपिंडात पोचतं, तिथे जादा कॅल्शियम भेटलं की खडा बनतो.

प्रौढाची रोजची गरज सुमारे 1000 मिलिग्रॅम. साक्रीकडे पिकणाऱ्या 100 ग्रॅम नागलीतच साडेतीनशेच्या आसपास मिळतात. म्हणून आधी ताट मोजावं, कमी पडेल तेवढंच गोळीतून. खडा होऊन गेलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये.