कापूस भरायच्या आधी

गाडी चालू होते आणि अख्ख्या आळीला कळतं. इंजिनाच्या घरघरीत आज एक कोरडं फाट-फाट मिसळलंय. गोठ्यातली म्हैस दावं ताणते, ओट्यावरची पोरं कानात बोटं घालून हसतात. भाचा केबिनमधून ओरडतो, "मामा, यायलाय का आवाज?" मामा पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली शिरलेत. ते नुसता हात बाहेर काढून खुणावतात : राहू दे चालू.

घनसावंगी तालुक्यातलं हे गाव. दिवाळी नुकतीच झालीय आणि वेचलेला कापूस घराघरात ओसरीपर्यंत आलाय. अंगणात जुनी टाटा ४०७ उभी आहे, पाटीवर एमएच २१. उद्या सकाळी तिच्यात कापूस भरून जिनिंगवर न्यायचाय आणि सायलेन्सर फुटलाय. नवा सायलेन्सर, पुढचा पाईप आणि मजुरी धरून गॅरेजवाल्यानं सात हजार सांगितले. गाडीचा हप्ता जाऊन भाच्याच्या खिशात हजारभर रुपये उरलेत. म्हणून मामांना बोलावणं गेलं. मामा जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये फिटर होते. भंगार वितळवून सळया करणाऱ्या शहरात उमर गेलेला माणूस. एखादं लोखंड कामातून गेलं, हे ते सहजी कबूल करत नाहीत.

इंजिन थंड आहे तोवरच गळती शोधायची, हा त्यांचा पहिला नियम. पाईप तापला की लोखंड फुगतं, बारीक फट आपोआप मिटते. सकाळी ओरडणारी गाडी दुपारी गप्प होते आणि मालकाला वाटतं, बरी झाली. मामा भाच्याला सायलेन्सरच्या मागच्या टोकाशी ओलं फडकं धरायला सांगतात, क्षणभरच. धुराची वाट अडते आणि तो जिथं जिथं फट आहे तिथून फुसफुसत निघतो. जोडावर साबणाचं पाणी टाकलं की बुडबुडे येतात. पण खरी चुगली काजळीच करते. जिथून धूर निसटतो तिथं लोखंडावर काळा पिसारा उमटलेला असतो.

असे पिसारे तीन ठिकाणी आहेत. एक, मॅनिफोल्डला पाईप जिथं जोडलाय त्या फ्लँजवर. दुसरा, पाईपाच्या वाकणावर, केसाएवढ्या भेगेपाशी. तिसरा सायलेन्सरच्या पोटाला, जिथं करंगळी जाईल एवढं भोक पडलंय. डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, ती आत थंड होऊन साचते. जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी सुकत नाही आणि पत्रा खालून सडतो.

इंजिन बंद होतं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्हीकडून दगड. भाचा जॅक घेऊन येतो, मामा तो परत पाठवतात. "नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं. हिच्याखाली जागा हाये तेवढी बास."

"भेग पडली कामून, ते बघ आधी," मामा म्हणतात. पाईप चेसीला टांगून धरणारं रबर तुटून लोंबतंय. पाईप मोकळा हलत राहिला, खड्ड्याखड्ड्याला हिसके बसले आणि वाकणावर चिरला. नुसती भेग बुजवली असती तर पुन्हा तिथंच चिरला असता. नवं रबर आणायची गरज नाही. गोठ्यामागं पडलेल्या जुन्या टायरची पट्टी मामा पाण्यात भिजवलेल्या सुरीनं कापतात आणि दोन भोकं पाडतात. रबर तयार.

मग ते वर बोट दाखवतात. भेगेचं तोंड बरोबर हौद्याच्या फळ्यांकडं आहे आणि दोन फळ्यांच्या सांदीत मागच्या खेपेचा कापूस अजून अडकलाय. इंजिनाजवळच्या पाईपातून सुटणारी झळ त्यावर जाणार. कापूस पेटला तर ज्वाळा लगेच दिसत नाही. आत धुमसत जातो आणि वर धूर येईपर्यंत निम्मा माल गेलेला असतो. डबा कापून त्याचा पत्रा तारेनं आवळायचा विचार भाचा बोलून दाखवतो. मामा विचारतात, "विटा भरायच्यात का उद्या?" भाचा गप्प.

फ्लँजच्या नटांवर काल संध्याकाळीच डिझेल टाकून ठेवलंय. मामा पाना लावतात, पण नट सोडवत नाहीत. आधी किंचित आवळतात. गंजाची पकड मोडली की मग उलटा फिरवायचा. पहिला सुटतो, दुसराही सुटतो. तिसरा हलत नाही. मामा त्याच्या बगलांवर हातोडीनं हलके ठोके देतात, पुन्हा डिझेल, पुन्हा ठोके. भाचा पान्यात लांब पाईप घालून जोर लावायला पुढं होतो, मामा त्याचं मनगट धरतात. स्टड आतच तुटला तर मॅनिफोल्ड उतरवावं लागेल आणि हजारातली दुरुस्ती हाताबाहेर जाईल. बराच वेळ नुसती ठकठक ऐकू येते. मग 'कर्र' होतं आणि नट फिरतो.

आतलं पॅकिंग जळून भुगा झालंय. भाचा फुंकर मारायला वाकतो तोच मामा ओरडतात, "फुकू नको!" जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ छातीत जाऊन बसते. फडकं ओलं करून ते सगळं टिपून घेतात. उरलेला तुकडा पिशवीत घालून भाचा मोटरसायकलवर अंबडला पिटाळला जातो : नवं पॅकिंग, दोन क्लॅम्प, सायलेन्सर पेस्टची डबी.

पाईप आणि सायलेन्सर वेल्डरच्या दारात जातात. तो एरवी गेट आणि ट्रॉल्या करतो. मामा सायलेन्सरच्या पोटावर हातोडीनं ठोकत जातात. चांगल्या पत्र्यावर खणखणीत आवाज, सडलेल्यावर बद्द. बद्द वाजतो तेवढा भाग कापून काढतात. करंगळीचं भोक तळहाताएवढं होतं. सडलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. बाजूला जस्ती पत्र्याचा तुकडा पडलाय, पण वेल्डर काळा पत्रा घेतो. जस्त जळालं की त्याच्या धुरानं रात्री ताप भरतो, हे त्याला ठाऊक आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना तो ड्रिलनं बारीक भोक पाडतो. भेग तिथंच थांबते, पुढं सरकत नाही. मग तिच्यावर वेल्डिंगची रेघ ओढतो. मध्येच लाईट जाते, चहा येतो.

"गाडीवरच वेल्डिंग केलं असतं तर?" मी विचारतो.

"मग आधी बॅटरीची वायर काढायची," वेल्डर सांगतो.

चहाला थांबलेला एक पिकअपवाला म्हणतो, "माझ्याबी गाडीचा आवाज वाढलाय. असाच ठिगळ मारता का?" मामा गाडी कधीची ते विचारतात आणि मान हलवतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरात धूर गाळणारा फिल्टर आहे, सेन्सर आहेत. तिथं कापाकापी केली तर इंजिनच रुसतं आणि पीयूसीचीही भानगड होते. कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत आहे. "ती कंपनीतच दाखवा," मामा सांगतात.

दुपार कलते तशी जोडणी सुरू होते. फ्लँजचं तोंड कानसीनं साफ करून त्यावर हॅक्सॉचं पातं उभं धरून ते सपाट आहे का पाहतात. नवं पॅकिंग बसतं, नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले जातात. मागच्या जोडावर पेस्ट आणि क्लॅम्प. टायरच्या पट्टीवर पाईप टांगला जातो.

चहाचे कप उचलता उचलता भाच्याची बायको सांगते, "मामा, आठ दिवस झाले, गाडीवरून आले की हे डोकं धरून बसतात. मी म्हटलं, ऊन लागलं असंल." मामा पाना खाली ठेवतात आणि केबिनमध्ये चढतात. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलंय. खालचा धूर तिथून सरळ वर येतोय. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; आधी तो डोकेदुखी आणि गुंगी देतो, काचा बंद असल्या तर जीवही घेतो. ट्यूबचा तुकडा कापून ते भोक त्याच वेळी बंद होतं.

गाडी पुन्हा चालू. पेस्ट वाळायला ती काही वेळ जागेवरच चालते. ओलं फडकं, साबणाचं पाणी : बुडबुडा नाही. एकदा तापून थंड झाल्यावर मामा सगळे नट पुन्हा आवळतात, कारण नवं पॅकिंग पहिल्या तापात दबतं. वहीच्या पानावर हिशेब होतो. पॅकिंग, क्लॅम्प, पेस्ट, वेल्डिंग, अंबडचं पेट्रोल : आठशे साठ रुपये. हौद्याच्या सांदीतला कापूस भाचा खराट्यानं झाडून काढतो.

ही दुरुस्ती हंगाम काढेल, त्यापुढं नवा सायलेन्सर घ्यावाच लागेल. मामांनी भाच्याला तसं बजावलंय. तुमच्या जुन्या गाडीवर अशी वेळ आली तर पत्रा भंगारातला चालेल, रबर टायरचं चालेल. पॅकिंग मात्र नवंच घ्या. आणि केबिनमध्ये धूर येत असेल, चालवणाऱ्याचं डोकं दुखत असेल, तर भाडं बुडालं तरी चालेल, गाडी रस्त्यावर काढू नका.