जोंधळा आणि जनावराचे पोट

सेनगावच्या बाजूला ज्यांच्या दावणीला बैलजोडी आहे, त्यांनी शेणात ज्वारीचे अख्खे दाणे पाहिलेले असतात. कोंबड्या ते वेचतात आणि आपण पुढे जातो. वस्तुतः बैलासाठी खर्ची घातलेले ते धान्य बैलाच्या अंगी लागलेलेच नसते.

ज्वारीचा दाणा लहान व टणक. गाय-बैल तो पुरता न चावताच गिळतात, आणि रवंथ करतानाही तो पुष्कळदा निसटतो. कवच फुटले नाही, तर कोटीपोटातील सूक्ष्म जंतूंना आत शिरकाव होत नाही. जात्यावर भरडा काढण्याची आपल्या वाडवडिलांची रीत म्हणूनच शास्त्राला धरून होती, असे आम्ही म्हणतो.

पण कवच फोडून सारे भागत नाही. दाण्यातील पिष्टाच्या कणांभोवती कॅफिरिन नावाच्या प्रथिनाचे जणू कुंपण असते. ते दाट की विरळ, हे बऱ्याच अंशी बियाण्याच्या जातीवर ठरते. चकचकीत, कठीण दाण्यात ते दाट. पिठूळ दाण्यात विरळ. मेणचट ज्वारीच्या पिष्टात तर अमायलोज हा घटक जवळजवळ नसतोच, त्यामुळे ती लवकर पचते. अमेरिकेत ज्वारी मुख्यतः जनावरांचेच खाद्य. तेथे ती वाफवून रुळांमध्ये चपटी करतात. मक्यापेक्षा ज्वारीला हा संस्कार अधिक मानवतो. आपल्याकडे मात्र वाण निवडताना भाकरी आणि कडबा पाहतात. मालदांडीची कीर्ती त्यांवरच उभी आहे.

आता दुसरी बाजू. जो दाणा लवकर पचतो, तोच अति झाला तर जिवावर उठतो. दावे तोडून जनावर पिठाच्या पोत्याशी पोचले, की कोटीपोटातील जंतू ते पीठ भराभर आंबवतात व दुग्धाम्ल साचते. एरव्ही तेथील सामू 6 ते 7 च्या आसपास असतो. तो 5 च्या खाली घसरला की रवंथ थांबते, हगवण लागते, अंगातील पाणी पोटात ओढले जाते आणि एकदोन दिवसांत जनावर दगावू शकते. गव्हाचे पीठ तर ज्वारीहूनही घातक. अशा वेळी घरगुती काढ्यात वेळ न दवडता पशुवैद्यांना बोलवावे.

गिरणीत भरडच मागावी, पीठ नव्हे. खुराक दोनतीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवावा, आणि आधी कडबा टाकावा. कडबा चघळताना लाळ सुटते. मोठ्या गाईची लाळ दिवसाला 100 लिटरांच्याही वर जाते, आणि तिच्यातील क्षार कोटीपोटातील आम्ल मारतात.