गोळीचे वंगण

वारजे हे पूर्वी मुठेच्या काठचे एक शेतकरी गाव. आज ते पुणे शहरात सामावले आहे आणि मुंबईहून बंगळूरकडे जाणारा मोठा रस्ता त्याच्यावरून गेला आहे. तिथल्या एका जुन्या घराचा माळा झाडताना एक ठासणीची बंदूक निघाली. शेजारी मातीच्या बुडकुलीत पिवळट, कठीण वडी होती. वास मेणाचा, हाताला थोडी ओशट. माझ्या वर्गातल्या त्या घरच्या मुलाने विचारले, "गुरुजी, हे काय? बंदुकीला कधी मेण लागतं का?"

प्रश्न साधा होता. पण त्याच्या उत्तरात थोडे रसायनशास्त्र आहे आणि आपल्या देशाच्या इतिहासाचे एक मोठे पानही आहे.

बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात, हे आपल्याला ठाऊक आहे. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. बंदुकीच्या गोळीला मात्र वंगण लागते ते याहून निराळ्या कारणासाठी. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती पेटली की तिचा सगळाच धूर होऊन जात नाही. वजनाने पाहिले तर निम्म्याहून अधिक भाग घन राहतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीच्या आत खरवडीसारखा चिकटून बसतो. दुधाचे पातेले करपल्यावर तळाशी जसा थर धरतो, तसेच हे. चार-सहा बार झाले की नळी आतून अरुंद होते, आणि तोंडाकडून घातलेली गोळी गजाने कितीही ठासली तरी खाली उतरत नाही. मेण आणि चरबी यांचे वंगण असले की हा थर मऊ राहतो, आणि पुढची गोळी खाली जाताना तो पुसूनही नेते. शिवाय गोळी शिशाची असते. वंगणामुळे शिसे नळीला माखत नाही.

मग नुसते तेल का चालत नाही? तेल उन्हाळ्यात वाहते, दारूत झिरपते आणि दारू निकामी करते. नुसते मेण घ्यावे, तर ते थंडीत ठिसूळ होऊन गोळीवरून सुटते. म्हणून दोन्ही एकत्र करायचे. मेण घट्टपणा देते, चरबी मऊपणा देते. सर्वसाधारणपणे समभाग घेतात. वैशाखाच्या उन्हात मेण थोडे वाढवायचे, पौषाच्या थंडीत थोडे कमी करायचे. चरबीच्या जागी तूप किंवा खोबरेल घेतले तरी काम होते. खोबरेल थंडीत बाटलीत थिजते हे घरोघरी दिसते. पण उन्हाळ्यात ते पातळ होते, तेव्हा त्याला मेण जास्त लागेल, हे वेगळे सांगायला नको. एक पथ्य मात्र आहे. स्निग्ध पदार्थात मीठ नसावे, कारण मिठाने लोखंड गंजते. खनिज तेलही टाळतात; काळ्या दारूबरोबर त्याचा डांबरासारखा थर बसतो, असा नेमबाजांचा अनुभव आहे.

मेण मिळवण्याची रीत आपल्या ग्रामीण बंधुभगिनींना नवी नाही. मध काढून घेतलेले पोळे पाण्यात उकळावे, फडक्यातून गाळावे आणि निवू द्यावे. मेणाची वडी पाण्यावर तरंगते, गाळ खाली राहतो. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून ते कधीही थेट विस्तवावर ठेवू नये, भडका उडतो. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. शिक्षकबंधूंनी वर्गात बंदुकीची गोष्ट न काढताही हा प्रयोग करावा. तीन वाट्यांत मेण आणि खोबरेल निरनिराळ्या प्रमाणात मिसळावे, वड्या निवू द्याव्यात, एकदा सकाळच्या गारव्यात आणि एकदा दुपारच्या उन्हात नखाने दाबून पाहाव्यात. मिश्रणाचा गुण प्रमाणावर कसा अवलंबून असतो, ते मुलांना बोटांनीच कळेल.

आता इतिहासाचे पान उलटू. कंपनी सरकारच्या फौजेत १८५७ साली एनफील्ड बंदूक आली. तिच्या नळीत पिळदार खाचा होत्या, म्हणून गोळी घट्ट बसे आणि वंगण अपरिहार्य होते. कागदी काडतुसाला चरबी व मेण लावलेले असे, आणि ते दातांनी फाडावे लागे. चरबी कोणत्या जनावराची? शिपायांनी विचारले, पण खात्रीचे उत्तर मिळाले नाही. गाईची आणि डुकराची, अशी बोलवा पसरली. जानेवारी १८५७ अखेर सरकारने सांगितले, काडतुसे वंगणाविना देऊ, शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण बाजारातून आणून लावावे. म्हणजे आपल्या बुडकुलीतलीच युक्ती! पण तोवर उशीर झाला होता. संशय वंगणावरून कागदावर गेला. २४ एप्रिलला मीरतेच्या कवायतीत ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतूस घेण्यास नकार दिला. ती काडतुसे तर जुन्याच पद्धतीची होती. ९ मे रोजी त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे रोजी उठाव झाला. त्याची ठिणगी आपल्याकडेही आली. ३१ जुलैला कोल्हापूरची २७ वी पलटण उठली.

उठावाला राज्ये खालसा करण्यापासून जमीनमहसुलापर्यंत अनेक कारणे होती. पण एक गोष्ट वंगणाच्या वडीने शिकवली. माणसाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूत काय आहे, हे त्याने विचारायच्या आधी सांगावे. विश्वास एकदा उडाला की नुसती वस्तू बदलून तो परत येत नाही. खताची पिशवी असो, लशीची कुपी असो की शाळेतली खिचडी असो, हा नियम आजही तोच आहे.

त्या मुलाच्या माळ्यावरच्या बंदुकीचे काय केले, असे तुम्ही विचाराल. आम्ही तिला हात लावला नाही. ठासणीच्या जुन्या बंदुकीत कित्येकदा बार भरलेलाच राहिलेला असतो, आणि कोरडी काळी दारू वर्षानुवर्षे जिवंत राहते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना लागतो. म्हणून घरच्यांनी पोलीस चौकीला वर्दी दिली आणि जाणत्या माणसाने येऊन ती नेली. तुमच्या माळ्यावर असे काही निघाले, तर गज घालून पाहू नका, घोडा ओढून पाहू नका, मुलांना दूर ठेवा आणि चौकीला कळवा.

बुडकुली मात्र मुलाने शाळेत आणली. ती आता आमच्या विज्ञानाच्या कपाटात आहे. बाहेर चिठ्ठी डकवली आहे ती त्याच्याच अक्षरात: "मेण आणि काहीतरी स्निग्ध. काय ते शोधायचे आहे."